ज्वारीतलं हिरवं लुगडं

माझं लग्न ठरायच्या आधीच्या कार्तिकात आमच्या शिवारात एक खून झाला. निदान सगळं गाव तसं धरून चाललं होतं आणि त्यात मीही होते.

आमचं गाव वऱ्हाडात, मालेगाव आणि मेडशीच्या मधे, सडकेपासून बरंच आत. त्या वर्षी आपलं राज्य बदललं, आता सरकार नागपूरचं नाही, मुंबईचं, असं मोठी माणसं पारावर बोलायची. आम्हा पोरींना त्याचं काही नव्हतं. कपाशी फुटली होती, ज्वारी डोक्याच्या वर गेली होती आणि आम्ही सकाळपासून वेचणीला जायचो. माझ्या शेजारच्या ओळीत माझी जिवाची मैत्रीण असायची. ती आमच्या शेजारच्या घरची. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न नाल्यापलीकडच्या गावात झालं होतं. आखाडीच्या सणाला तिला माहेरी आणली ती बापानं परत पाठवलीच नाही.

त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-सोंगांच्या खेळात, बाईचं काम करायचा. लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून असा नाचायचा की बाया त्याच्याकडून पदर कसा घ्यावा ते शिकायच्या. लग्न जुळताना ही गोष्ट कुणी बोललं नव्हतं. पोळ्याच्या दंडारीत तिच्या वडिलांनी आपला जावई ठुमकताना पाहिला आणि ते उठून सरळ घरी आले. ते माणूस सरळ, पण डोकं तापट. मी त्यांना मोठेबा म्हणायची. ते म्हणाले, "नाच्याच्या घरी माही पोरगी नांदणार नाही."

जावयानं दंडार सोडली, मिशी वाढवली आणि बायकोला न्यायला आला. मोठेबांनी त्याला ओट्यावरूनच वाटेला लावलं. पुढे मालेगावच्या बाजारात दोघांची गाठ पडली, तेव्हा चार माणसांच्या देखत ते बोलून गेले, "पुन्हा माह्या दारात दिसला तर तुकडे करून नाल्यात टाकीन."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जावई घरून बाजाराला म्हणून निघाला तो परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या गुराख्याचं कुत्रं नाल्याकाठच्या पळसांतून काहीतरी ओढत आलं. जावयाचा पटका होता तो. गुराखी झुडपात शिरला तर तिथं धोतर आणि सदराही सापडला. पटक्यावर आणि सदऱ्यावर रक्ताचे डाग होते.

नाल्यात डोह आहे तिथं लोकांनी गळ टाकले, बांबूनं तळ ढवळला. काही लागलं नाही. पलीकडच्या गावातून त्याच्या आईचा हंबरडा ऐकू यायचा. आमच्या गावात मात्र कुणी मोठ्यानं बोलेना. मोठेबा विहिरीवर आले की बाया घागरी उचलून निघून जायच्या.

आणि मग ती दिसायला लागली.

आधी ती माळ्यावरून पाखरं हाकणाऱ्या म्हाताऱ्याला दिसली. ऐन दुपारी ज्वारीच्या मधोमध हिरव्या लुगड्यातली बाई उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. त्यानं हाक मारली तशी ती खाली बसली आणि पुन्हा उठलीच नाही. मग नाल्यावर सरपण आणायला गेलेल्या एका बुढीला ती दिसली. बुढी सांगायची, "पाय उलटे होते, म्या माह्या डोयानं पाह्यले. अन् खोकली तर गडीमानसावानी खोकली."

त्या खोकल्यानंच सगळा उलगडा झाला असं गावाला वाटलं. मेलेल्याचा जीव ज्या गोष्टीत अडकला, त्याच रूपात तो येतो. लुगड्यापायी बिचाऱ्याचा संसार मोडला, लुगड्यापायीच जीव गेला, आता तो लुगडं नेसूनच शिवारात फिरतो आहे. माझ्या आईनं माझ्या ओच्यात लिंबू आणि बिब्बा बांधून दिला. दुपारची भाकर आम्ही साऱ्या जणी एकाच झाडाखाली, पाठीला पाठ लावून खायला लागलो.

फक्त माझी मैत्रीण आमच्यात बसत नव्हती. ती भाकरीचं फडकं घेऊन एकटीच बांधापलीकडे जायची. तिनं बांगड्या फोडल्या नव्हत्या. बायांनी तिला समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "मयत दाखवा, मंग फोडीन." हे तसं रास्तच होतं. पण कापूस वेचताना ती गुणगुणायची, त्याचं काय करायचं? शिवाय नवरा गेलेली बाई इतक्या भाकरी खाते कशी? तिच्या फडक्यात चांगली चवड असायची आणि परत येताना ते रिकामं असायचं.

मला वाटलं, तिला नवऱ्याच्या भुतानं धरलं आहे. आमच्याकडे तेव्हा असं व्हायचं. निदान झालं असं म्हणायचे. लहानपणापासून आम्ही एका ताटात जेवलेल्या, तिला अशी भुताच्या हाती कशी सोडू? एके दुपारी बाकीच्या बाया झाडाखाली बसल्यावर मी ओच्यातलं लिंबू मुठीत धरलं आणि तिच्या मागं निघाले.

ती आमच्याच वावरातल्या जुन्या गोठ्याकडे चालली होती. बैल विकल्यापासून तो रिकामा पडला होता. मधे ज्वारीचा पट्टा होता. आत शिरलं की चारी बाजूंनी पानांची सळसळ आणि डोक्यावर नुसती आभाळाची पट्टी. माझ्या स्वतःच्या पावलांचा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. पट्टा संपला तिथं मी थबकले. गोठ्याच्या सावलीत हिरवं लुगडं बसलं होतं. पाठ माझ्याकडे, पदर डोक्यावर. माझी मैत्रीण त्याच्या समोर बसून भाकर मोडत होती. मला रामनाम आठवेना. लिंबू फेकायचं की पिळायचं, तेही आठवेना.

तेवढ्यात ते भूत म्हणालं, "आज ठेचा लय तिखट केला तू."

"रोज म्हनते गुमान खाय म्हनून," माझी मैत्रीण म्हणाली.

माझ्या हातून लिंबू सुटलं आणि तोंडातून किंकाळी. भूत उठून पळायला गेलं, निऱ्यांत पाय अडकला आणि शेणाच्या जुन्या ढिगात तोंडावर पडलं. पाय सुलटे होते, ते मी आधी पाहिलं.

मैत्रीण माझं तोंड दाबून धरत म्हणाली, "वरडू नको वं. जिता हाय तो."

मग दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांना तोडत. त्याला बायकोला भेटायचं होतं आणि मोठेबा दारात उभं करणार नव्हते. वेचणीच्या बायांत बाई होऊन शिरावं, असं त्याच्या डोक्यात आलं. बाजाराला म्हणून निघताना त्यानं दंडारीतलं लुगडं बोचक्यात घेतलं. नाल्यावर बसून मिशी काढली. पाण्यात तोंड पाहत, बोथट वस्तऱ्यानं. वरचा ओठ असा चिरला की रक्त थांबेना. ते पटक्यानं दाबलं, सदऱ्यानं पुसलं. मग धोतर-पटका-सदरा झुडपात लपवून लुगडं नेसून तो आमच्या शिवारात आला. बायकोला म्हणाला, "चाल, असंच निंगून जाऊ."

"म्या म्हनलं, चोरून येनार नाही," मैत्रीण म्हणाली. "बाले सांगून, उजळ माथ्यानं येईन. नाहीतर इथंच राहीन."

तिची समजूत काढायला तो एक रात्र गोठ्यात राहिला. सकाळी नाल्यावर जाऊन पाहतो तर गाव जमलेलं, आणि त्याचे कपडे काठीच्या टोकावर. आता लुगडं नेसून स्वतःच्या खुनाच्या जागी कसं जायचं? तो ज्वारीतूनच माघारी फिरला. मग पोलिसांचं नाव निघालं आणि त्याची उरलीसुरली हिंमतही गेली.

"बाचं एखादं धोतर आनून द्यायचं नं," मी म्हणाले.

"दोनच हायेत त्याहिले. एक अंगावर, एक दोरीवर. गेलं तर पयले मलेच इचारन." मग ती खाली पाहून हसली. "अन् खरं सांगू का तुले? आखाडीपासून तोंड दिसलं नव्हतं. आता रोज भेटून राह्यला."

तो लाजला. कुंकू पुसलेला, ओठावर खपली धरलेला, हनुवटीला शेण लागलेला तो माणूस त्या हिरव्या लुगड्यात असा काही लाजला की मला हसू आवरेना. मग आम्ही तिघंही हसत सुटलो, तोंडावर पदर दाबून, तिघंही.

आमचं हसू थांबलं ते बांधावरून आलेल्या हाकेनं. वेचणीतली एक बाई मैत्रिणीच्या नावानं ओरडत होती. मालेगावहून जमादार आला होता. मोठेबांना चावडीवर बसवलं होतं आणि धरून नेणार होते.

मैत्रिणीचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला, लुगड्याला लागलेलं शेण झटकलं आणि म्हणाला, "मीच जातो. मले पाह्यल्याबिगर कोनी मानन नाही."

"असा?" मी विचारलं.

"दुसरं काय हाय नेसायले?"

आम्ही तिघं ज्वारीतून बाहेर आलो, तशा झाडाखालच्या बाया भाकरी टाकून पळाल्या. गावात शिरलो तर दारं धडाधड लागायला लागली. एका ओट्यावर एक माणूस विडी ओढत होता, तो विडी पेटती ठेवून आत गेला. मी पुढं, मधे भूत, मागं त्याची बायको. भीती माझ्या अंगातून केव्हाच गेली होती. उभ्या जन्मात मी गावातून इतक्या थाटानं कधी चालले नाही.

चावडीपुढं गर्दी होती. आम्हाला पाहताच ती दुभंगली आणि उरलीच नाही. जमादार बाजेवर बसला होता. तो उभा राहिला, तोही बाजेवरच. एकटे मोठेबा जागचे हलले नाहीत. ते खाली मातीत बसले होते. त्यांनी हिरव्या लुगड्याकडे पाहिलं आणि हळूहळू हात जोडले.

"बाबू," ते म्हणाले, "बाजारात बोललो ते रागानं बोललो. तुले म्या हात लावला नाही. हे कोनी मानत नाही, पन तू तं जानतं नं? तू सांग यायले." मग त्यांनी जोडलेले हात कपाळाला लावले. "पोरगी तुह्याच घरी पाठवाले पाहिजे होती म्या. रोज विचार ये मनात. पन माहा ताठा आडवा आला रे बाप्पा. तुले जे पाहिजे ते माग अन् सुखानं जाय."

हे सगळं ते मेलेल्या माणसाशी बोलत होते. जिवंत माणसाशी त्यांना ते कधीच बोलता आलं नसतं.

जावयानं डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामाजी, मी मेलो नाही."

मोठेबांनी बिचकतच त्याच्या डोक्याला हात लावला. मग गालाला, मग खांद्याला. अंग ऊन होतं. त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, निरखून पाहिलं आणि विचारलं, "मिशी कुठी गेली?"

"नाल्यात, मामाजी."

मोठेबांना हसताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. आधी त्यांचे खांदेच हलायला लागले. आम्हाला वाटलं रडतात. मग आवाज फुटला तो असा की लागलेली दारं एकेक करून उघडली. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणीही वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी जावयाच्याच लुगड्याचा पदर ओढून घेतला.

जमादार बाजेवरून उतरला. त्याला आता रागावणं भाग होतं. "मंग मयत कोन हाय?" त्यानं विचारलं.

"कोनीच नाही, साहेब," जावई म्हणाला.

"कोनीच नाही तं मले कायले बोलावलं?"

जमादारानं जावयाला सरकारला फसवल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. पण समोरचा माणूस लुगड्यात मान खाली घालून उभा, त्यामुळे त्याचंही तोंड सारखं वाकडं होत होतं. शेवटी माझ्या आईनं त्याला पिठलं-भाकर वाढली आणि तो जेवून, पाणी पिऊन मालेगावला गेला.

मोठेबांनी दोरीवरचं धोतर जावयाला दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून त्यांनी स्वतः दोघांना नाल्यापलीकडे पोचवलं. त्याची आई वेशीपर्यंत धावत आली. तिनं आधी लेकाच्या दोन थोबाडीत दिल्या, मग त्याला पोटाशी धरलं आणि मग सुनेला ओवाळायला कुंकवाचा करंडा कुठं ठेवला ते तिला सापडेना, असं मैत्रीण सांगायची.

सरपणवाल्या बुढीनं मात्र शेवटपर्यंत हार मानली नाही. जावई पुढं सासुरवाडीला आला की तिच्याकडे मुद्दाम जायचा आणि म्हणायचा, "बुढे, तो मीच होतो नं." ती त्याला गूळ-पाणी द्यायची आणि म्हणायची, "तू जवारीतला. नाल्यावर पाह्यली ते दुसरी होती. तिचे पाय उलटे होते." तो हरून परत यायचा.

त्याच्या गावाला पुन्हा दंडार उभी राहिली तेव्हा मोठेबा आम्हा सगळ्यांना गाडीत घालून घेऊन गेले. घोंगडी पांघरून मागं बसले होते. जावई नाचून गेला तसे माझ्या वडिलांच्या कानाशी लागून म्हणाले, "नाचते बरा. पन निऱ्या अजून धड जमत नाही त्याले."

माझं लग्न त्या कार्तिकानंतरच्या उन्हाळ्यात झालं, कामरगावकडे. ती दोघं आली होती. मैत्रिणीला दिवस गेले होते, म्हणून तिला कुणी कामाला हात लावू देत नव्हतं. ती मांडवात बसून हुकूम सोडत होती. वरातीत वाजंत्री दमून थांबले, तर मोठेबा त्यांच्यावर खेकसले, "थांबता काहून? जावई नाचून राह्यला माहा."