थांबा, हात सोडा

"थांबा. हात सोडा. दुखतंय."

हे माझं वाक्य. एका गृहस्थांनी ते मला परत म्हणून दाखवलं. त्यांच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरात, माझ्यासाठी चहा गाळता गाळता.

मी खोली बघायला गेले होते. मँचेस्टरच्या बाहेर, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपजवळ. इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात होती, 'सुशिक्षित मराठी स्त्रीस प्राधान्य'. घरमालक पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये. बायको डॉक्टर, त्या दुपारी हॉस्पिटलात ड्यूटीवर. दारातच त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा, नागपूर साइड," म्हणाले. तो 'अच्छा' मला लहानपणापासून ओळखीचा आहे. तरी खोली दाखवली, चहा टाकला. मग म्हणाले, "तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय."

मी म्हटलं, मी केअर होममध्ये काम करते, तुम्ही कुठे ऐकणार.

ते हसले. गाळणं कपावर धरलं आणि हळू आवाजात, अगदी माझ्या सुरात, ते वाक्य म्हणाले. वर म्हणाले, "डोन्ट वरी, मी जजमेंटल नाहीये. उलट तिथे मराठी ऐकून इतकं बरं वाटलं ना."

कप तसाच ठेवून मी निघाले. लाजेने नाही. ते वाक्य फिल्ममध्ये आहे, हेच मला माहीत नव्हतं.

मी ब्लू फिल्ममध्ये काम केलं आहे. एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडखळायला नको. लग्न मोडलं, केअर होममध्ये बारा बारा तास म्हाताऱ्यांना उचलून कंबर गेली, आणि ओळखीच्या एका बाईने हा रस्ता दाखवला. कुणी फसवून नेलं नाही. इथे हे काम कायद्याने चालतं. ओळखपत्र दाखवायचं, तपासणीचा ताजा रिपोर्ट दाखवायचा, तारीख लिहिलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा, सही करायची. काय करणार आणि काय नाही करणार याची छापील यादी असते, तिच्यावर खुणा करायच्या. पहिल्यांदा ती यादी बघून मी चाट पडले. सात वर्षांच्या संसारात नवऱ्याने असं काही विचारलं नव्हतं.

म्हणून माझा त्या कागदावर विश्वास बसला. हीच माझी चूक.

ते शूटिंग जानेवारीतलं. डोंगराच्या बाजूला भाड्याने घेतलेलं एक मोठं घर. बॉयलरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून हीटिंग बंद. नऊ तास. खायला एक थंड सँडविच. मेकअपला जोन नावाची साठीची बाई होती, ती मधे मधे माझ्या खांद्यावर आपला कोट टाकायची आणि कॅमेरा सुरू झाला की काढून घ्यायची. गोष्ट काय, तर भारतीय नवरी. साडी ऑनलाइन मागवलेली, शिवलेल्या निऱ्यांची, पाठीला चेन. मंगळसूत्र उलटं. मी सुलटं करून घातलं. का केलं, देव जाणे.

डायरेक्टर तरुण होता, सभ्य होता. प्रत्येक वाक्यात प्लीज. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "सीन चालू असताना तुझ्या भाषेत बोल. काहीही बोल. लोकांना आवडतं." दुसरी, "थांबायचं असेल तर 'रेड' म्हण. सगळं थांबेल. ओके?"

मी ओके म्हटलं. दोन्हीला.

आता विचार करते तेव्हा डोकं भणभणतं. भाषा माझी हवी होती. थांबायचा शब्द तेवढा त्यांचा.

माझे हात पाठीमागे पदराने बांधले. हे यादीत होतं, मी खूण केली होती. कॅमेरा सुरू झाला. माझ्या भाषेत मी काय बोलणार? मी भाज्या म्हटल्या. मेथी, शेपू, आंबट चुका, चवळी. मोठ्या लाडिक आवाजात. डायरेक्टरने अंगठा दाखवला. मला आतून हसू येत होतं.

मग माझा उजवा हात भलत्याच बाजूने ओढला गेला आणि कोपरापासून करंगळीपर्यंत वीज गेली. मी म्हटलं, थांबा. हात सोडा. दुखतंय.

नवरा झालेला नट धरून खोलीत पाच माणसं होती. कुणी हललं नाही. मी परत म्हटलं. मला शपथेवर विचारा, त्या क्षणी मला वाटत होतं की मी ठरलेला शब्दच म्हणतेय. दुखलं की माणूस भाषा निवडत बसत नाही. 'रेड' हा शब्द डोक्यात कुठे शोधूनही सापडला नसता. मी म्हणत राहिले, ते ऐकत राहिले, आणि खूश होत राहिले. मग हात बधिर झाला आणि मी गप्प झाले.

कट झाल्यावर डायरेक्टर म्हणाला, "द इंडियन बिट वॉज गोल्ड. थँक यू."

जोनने गाठ सोडली. माझा हात बघून म्हणाली, "लव्ह, योर हँड्ज ब्लू." आपण 'बाळा' म्हणतो तसं इथे 'लव्ह' म्हणतात. तिने गरम पाण्याची पिशवी आणून दिली. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला ती गरम लागली नाही. अजून लागत नाही. ब्लाउजचा हुक त्या हाताने लागत नाही. सुईत दोरा जात नाही. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? कामावर, मी म्हटलं. कुठलं काम? केअर होम. त्यांनी मान डोलावली, नस दबली आहे म्हणाले, आणि मला स्पेशालिस्टच्या एका लांबलचक रांगेत लावून दिलं. फिल्मवाल्यांकडे भरपाई मागायची सोय नव्हती. तिथे कागदोपत्री कुणी नोकर नसतं, प्रत्येक जण स्वतःचा मालक. म्हणजे बोटं माझी, नस माझी, फिल्म तेवढी त्यांची.

त्यानंतर मी तो धंदा सोडून परत केअर होमला लागले. एका हाताने. मनाची समजूत घातली की तो भाग त्यांनी कापला असेल. एवढं तर कळलं असेल.

त्या दिवशी ट्राममधून उतरून घरी आले, लॅपटॉप उघडला, स्क्रीन भिंतीकडे फिरवली आणि फक्त आवाज ऐकला. आधी भाज्या आल्या. मेथी, शेपू. मग मी आले. आवाज माझा आणि माझा नाही. मी घड्याळ लावून बसले. पहिल्या 'थांबा'पासून मी गप्प होईपर्यंत चार मिनिटं. पुढेही फिल्म चालूच होती.

मी कंपनीला लिहिलं. फिल्म काढा, मी थांबायला सांगितलं होतं. सोबत वाक्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं, अधिकृत शिक्क्यासह. उत्तर फार अदबीचं आलं. ठरलेला शब्द 'रेड' होता, तो आपण एकदाही उच्चारलेला नाही. आपल्या भाषेत बोलण्यास आपली आगाऊ संमती होती. असे नकाराचे उद्गार अभिनयात सर्रास येतात, आणि म्हणूनच वेगळा शब्द ठरवलेला असतो. शेवटी एक ओळ. ती भाषा जाणणाऱ्या एकाही प्रेक्षकाने आजवर आक्षेप घेतलेला नाही. तसा आल्यास आम्ही पुनर्विचार करू.

जोनला फोन केला. तू पाहिलंस, तू लिहून दे. ती म्हणाली, तिच्या वयाला दुसरं काम कोण देणार. सॉरी, लव्ह. मला तिचा राग आला नाही. तिला तरी शब्द कळले नव्हते.

ती भाषा जाणणारा प्रेक्षक. असा एक मला माहीत होता. त्याच्या घराचा पत्ताही माहीत होता.

मी दुपारीच गेले, बायको ड्यूटीवर असते त्या वेळी. त्यांचा संसार मोडायला मी गेले नव्हते. मला कागदावर तीन ओळी हव्या होत्या. मी मराठी जाणतो. ही बाई खरोखर थांबायला सांगत आहे असं मला ऐकताना वाटलं. खाली सही.

त्यांनी दार अर्धवट उघडलं. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून आत घेतलं. या वेळी चहा नाही. मी सगळं सांगितलं, बोटं दाखवली. त्यांनी बोटांकडे बघितलं नाही.

"अहो मॅडम, समजून घ्या," ते म्हणाले. "माझं नाव कुठेही यायला नको. फॅमिली आहे. इथली आपली कम्युनिटी किती छोटी आहे, यू नो."

मी म्हटलं, नाव गुप्त ठेवतात, मी विचारलंय.

"अ‍ॅक्च्युअली, मला ते अ‍ॅक्टिंगच वाटलं."

"मराठी कळत होतं ना तुम्हाला?"

"कळत होतं. पण..." त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, परत मोडली. मग जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "तुम्ही 'थांबा' म्हणालात हो. 'सोडा' म्हणालात. इतकं सभ्यपणे. खरंच दुखत असेल तर माणूस अहो-जाहो करतं का?"

मी तिथेच त्यांच्या खुर्चीवर बसले.

माझी आई नागपुरात चार घरची भांडी घासायची. आमचा कप त्या घरांत खिडकीत वेगळा असायचा. आई मला सोबत नेताना बजावायची, मोठ्या लोकांशी बोलताना शब्दाला काना लावायला विसरू नको. थांब नाही, थांबा. सोड नाही, सोडा. एकदा एका घरातल्या साहेबांनी कपाट लावलं तेव्हा आईची बोटं फटीत होती. आई म्हणाली, "साहेब, थांबा जरा, हात आहे माझा." साहेब म्हणाले, "मग ओरडायचं नाही का?" हे आई आम्हाला हसत हसत सांगायची. आम्हीही हसायचो. तिचं एक नख पुढे कधी सरळ उगवलं नाही.

तिचा काना माझ्या जिभेवर आहे. परदेशात आले, डोंगराकडच्या त्या गारठलेल्या घरात हात बांधून घेतले, नस तुटेस्तोवर दुखलं, तरी मी काना लावायला विसरले नाही. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही अशा पाच माणसांना मी अहो-जाहो करत होते. आणि एकाला कळलं, तर त्याने तो कानाच माझ्याविरुद्ध साक्षीला उभा केला. मी नीट, अदबीने सांगितलं, म्हणून माझं दुखणं खोटं.

ते बोलतच होते. "तुम्ही पण जरा प्रॅक्टिकली विचार करा. असल्या कामात जाताना हे सगळं गृहीतच असतं ना. आणि आता झालं ते झालं. खोली हवी असेल तर भाड्याचं आपण बघू, मी काय म्हणतो..."

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला. वाक्याच्या मधोमध. तोंड तसंच उघडं. मी ओरडले नव्हते. एक काना फक्त काढला होता. इथून पुढे या कागदावरही तो 'तो'च.

"तुला कळलं होतं," मी म्हटलं. "त्या पाच जणांना नव्हतं कळलं. तुला कळलं, आणि तू पुढे बघत बसलास."

त्याचा चेहरा लाल झाला. मी फिल्ममध्ये काय केलं त्याची त्याला कधी लाज वाटली नव्हती. मी अरे-तुरे केलं याची वाटली. "हाऊ डेअर यू," म्हणाला, "माझ्याच घरात!" मी दार उघडून बाहेर आले. सही मिळाली नाही. मिळणार नव्हतीच.

फिल्म अजून आहे. एका ठिकाणी तक्रार करून काढायला लावली, तर ती दुसऱ्या नावाने चार ठिकाणी निघाली. कंपनीचं नावही आता वेगळं आहे, जुन्या पत्त्यावर लिहिलं तर उत्तर येत नाही. बोटं बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, आता फारसा फरक पडेल असं वाटत नाही. ग्रुपवरून मला काढून टाकलं, कारण कुणी सांगितलं नाही. खोली शोधतेय. मला न्याय मिळेल असं मला वाटत नाही, आणि तसं वाटतं असं दाखवून कुणाचं समाधान करायला मी हे लिहीत नाही.

या कामातल्या काही बायका महिन्यातून एकदा भेटतात. रोमानियाची आहे, ब्राझीलची आहे, दोन इथल्याच. मी जायला लागले. मी त्यांना म्हटलं, फॉर्मवर एक ओळ हाताने लिहायची. कुठल्याही भाषेत म्हटलं तरी थांबायचं, आणि तो शब्द खोलीतल्या प्रत्येकाने आधी म्हणून दाखवायचा. ब्राझीलच्या मुलीने ते लिहिलं, तर तिचं त्या दिवशीचं काम गेलं. पुढचंही गेलं. ती आली आणि म्हणाली, पुन्हा लिहीन. मी तिला खोटा धीर दिला नाही. आम्ही सगळ्यांनी एकमेकींचे शब्द पाठ केले, एवढंच. माझा शब्द त्यांना नीट जमत नव्हता. त्या 'थांबा' म्हणायच्या. मी प्रत्येकीला थांबवून सांगितलं, आ नाही. तोडून म्हण. थांब.

आई फोनवर अजून सगळ्यांना काना लावते. तिला मी काही सांगितलेलं नाही. तिची जीभ आता बदलायची नाही.

माझी बदलली आहे. यापुढे मला दुखलं की समोर कुणीही असो, साहेब असो, डॉक्टर असो, गोरा असो की आपला, मी एकदाच म्हणेन. थांब. आणि तो थांबला नाही, तर त्याला शब्द कळला नव्हता असं मी कुणालाही म्हणू देणार नाही.