समोरच्या पानावरची आकृती

नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. अजमानचं घर सोडलं आणि मुलीला घेऊन अल ऐनला आले. इथल्या एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली होती, आणि विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे वर्ग संध्याकाळी भरत. पुण्याहून दीर फोन करून विचारत, "वहिनी, आता तिथे राहून काय करणार?" मी म्हणायची, "अभ्यास." त्यावर ते विषय बदलत, आणि मला ते बरं वाटे.

अल ऐन मला मानवलं. इथे उंच इमारती नाहीत, संध्याकाळी खजुराच्या बागांवरून थोडा गार वारा येतो, आणि लोक एकमेकांना फारसे प्रश्न विचारत नाहीत. मी वर्गात मागच्या बाकावर बसायची, टिपणं काढायची, घरी येऊन आमटी-भात करायची. बोलणं कमी झालं होतं. दुःख होतंच, पण त्याला आता घरात स्वतःची जागा मिळाली होती. ते सारखं पायात येत नसे.

अशात विद्यापीठाची ईमेल आली. परीक्षेत गैरप्रकार केल्याचा आरोप एखाद्या विद्यार्थ्यावर आला की त्याचा निर्णय एक छोटी समिती करते. अध्यक्ष प्राध्यापक असतात आणि दोन सभासद विद्यार्थ्यांमधून निवडले जातात. हजेरीपटातून कुणाचंही नाव निघू शकतं. या वेळी माझं निघालं होतं.

मी ती मुलीला वाचून दाखवली. ती मान वर न करता म्हणाली, "आई, दॅट्स बेसिकली ज्युरी ड्यूटी."

"ज्युरी इथे नसते गं. आपल्याकडेही कधीच बंद झाली."

"वेल, यू गॉट इट. अँड यू कान्ट से नो."

नवरा असता तर आधी पोटभर हसला असता. भाजीवाल्यानं नासका टोमॅटो घातला तरी परत दे म्हणायला मला जमायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. तू न्याय करणार म्हणजे दोघांनाही सोडून देणार आणि वर चहा पाजणार, असं काहीतरी म्हणाला असता. मी समितीला होकार कळवला आणि ठरलेल्या दिवशी दुपारी शाळेतून लवकर निघाले.

समितीच्या खोलीबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. मुलीचा फोन आला, तिला फ्रीजमधली पोळी-भाजी गरम करून घे म्हणून सांगितलं. फोन ठेवला तर शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ हात जोडून उभे होते. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, नखांच्या कडांना मशीनचं काळं तेल मुरलेलं.

"ताई, मराठी काय? बरं वाटलं बघा. मी शारजावरनं आलो. तिकडे इंडस्ट्रियल एरियात गॅरेजला असतो. तुम्ही मुलासाठी आलात?"

"नाही, मी इथे शिकते."

"तुम्ही?" ते मोठ्यानं म्हणाले आणि लगेच ओशाळले. "म्हणजे चांगलं आहे, ताई. शिकावं. वयाचं काय एवढं."

मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. "आमची पोरगी नर्सिंगला आहे. स्कॉलरशिपवर. आज आत काहीतरी मोठी माणसं बसणार आहेत म्हणे, तिचं ठरवायला. स्कॉलरशिप गेली तर मला काय हिला इथे शिकवता येत नाही. गावी परत पाठवायची, बस. तुम्हाला काही कल्पना आहे का हो, कशी असतात ती माणसं?"

सभासदांनी बाहेर कुणाशी या विषयावर बोलायचं नाही असं ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. मी म्हटलं, "माफ करा हं, मला आत जायचंय," आणि उठले. दार उघडताना पाठीमागे त्यांचं "अरे देवा" ऐकू आलं.

आत अध्यक्ष होते, एक वयस्क जॉर्डनी प्राध्यापक, समोर पुदिन्याच्या चहाचा ग्लास. दुसरा सभासद एक अमिराती मुलगा, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, इंजिनिअरिंगचा. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. मी आधीच सांगून टाकलं, की मुलगी माझ्याच भाषेची दिसते, तिचे वडील बाहेर माझ्याशी बोलले, तेव्हा मी बसू की नको?

"तुमची ओळख आहे?"

"नाही."

"मग बसा, मॅडम. या देशात प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या गावचा असतो. तेवढ्यावरून माणसं काढायला लागलो तर समितीवर मी आणि हा ग्लास उरू. फक्त तिच्याशी तुमच्या भाषेत बोलू नका. यल्ला, चला, बोलवा त्यांना."

शरीरशास्त्र शिकवणाऱ्या बाई आल्या. तरुण होत्या, कॅनडाहून नुकत्या आलेल्या, आणि मुलीवर आरोप करताना त्यांना मुळीच आनंद होत नव्हता. त्यांनी मुलीची उत्तरपत्रिका आणि पाठ्यपुस्तक शेजारी शेजारी ठेवलं. प्रश्न मूत्रपिंडाच्या कार्याचा होता. उत्तर पुस्तकाशी शब्द न् शब्द जुळत होतं, स्वल्पविरामसुद्धा. आणि मध्ये एक वाक्य होतं, 'समोरच्या पानावरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे.' उत्तरपत्रिकेत समोरचं पान कोरं होतं.

"पुस्तक उघडं ठेवून उतरवल्याशिवाय हे वाक्य येईल कसं?" बाई म्हणाल्या. "मी तिला विचारलं, हे पुस्तकातून आहे का? ती म्हणाली, हो, अगदी पुस्तकातूनच. आणि हसली. मला काय करावं कळेना."

अमिराती मुलानं ती आकृती नसलेली जागा पाहून ओठ दाबले. अध्यक्षांनी कपाळावर हात फिरवला. मी मात्र एकदम माझ्या लहानपणच्या शाळेत जाऊन पोचले. 'पुस्तकातल्यासारखं लिहिलंय' हा आमच्या बाईंचा सगळ्यात मोठा शेरा होता. त्यासाठी आम्ही गच्चीवर फेऱ्या मारत भूगोल पाठ करायचो, कोकणातल्या नद्या, दख्खनची काळी माती, सगळं धड्यातल्या शब्दांत. स्वतःच्या मनानं एखादं वाक्य घातलं तर अर्धा मार्क जायचा. ती मुलगी का हसली हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं. आणि तिच्या भाषेत बोलायची मला मनाई होती.

मुलगी आत आली. बारीक, दोन वेण्या घातलेली, ओढणी दोन्ही बाजूंनी पिनेनं टाचलेली. अध्यक्षांनी बस म्हटलं तरी ती उभीच राहिली.

"तू पुस्तक पाहून लिहिलंस?"

"नो, सर."

"पण हे पुस्तकातलं आहे."

"येस, सर. फुल्ली फ्रॉम बुक."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या दृष्टीनं इथे प्रकरण संपलं होतं. गेले कित्येक महिने मी लोकांमध्ये विचारल्याशिवाय तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं नाही तर ही मुलगी संध्याकाळी वडिलांबरोबर शारजाला जाईल आणि तिथून गावी, एवढंच मला दिसत होतं.

"डॉक्टर, मी एक विचारू?" असं अध्यक्षांना म्हणून मी मुलीकडे वळले. "तू हे लिहीत होतीस तेव्हा पुस्तक कुठे होतं?"

"हॉस्टेल, मॅडम. कपाटात."

"मग उत्तर कुठे होतं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. बोट कपाळाला लावलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तिला म्हणून दाखवायला सांगा."

बाईंनी भुवया उंचावल्या. अध्यक्षांनी पुस्तक उघडून समोर धरलं आणि मान हलवली. मुलीनं पाय जुळवले, हात मागे बांधले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. धड्याच्या नावापासून. आवाज सपाट, पण लय पक्की, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक छोटासा हेल, जो इंग्रजीचा नव्हता. तो आमच्याकडच्या वर्गांचा होता. अध्यक्षांचं बोट ओळींवरून सरकत होतं. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला.

"थांब," ते म्हणाले. "आता चौथ्या परिच्छेदापासून म्हण."

तिनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मग खाली पाहून ओठांतल्या ओठांत भराभर पुटपुटायला लागली.

"बघा," बाई हळूच म्हणाल्या, "येत नाही तिला."

"नाही, डॉक्टर, थांबा जरा." अमिराती मुलगा पहिल्यांदाच बोलला. खुर्चीत पुढे सरकला होता. "ती सुरुवातीला गेलीय. तिथून चालत येतेय. माझा धाकटा भाऊ कुराण पाठ करतो. रोज संध्याकाळी आमच्या घरी हेच असतं. मध्येच थांबवलं की तो मागे जातो आणि मग आजी आम्हाला ओरडते, कशाला थांबवलंत म्हणून."

अध्यक्ष हसले. तेवढ्यात मुलीचा आवाज पुन्हा वर आला, बरोबर चौथ्या परिच्छेदाच्या पहिल्या शब्दावर. ती तशीच पुढे गेली, आणि डोळे मिटलेले असताना, हात मागे बांधून, म्हणाली, "...समोरच्या पानावरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे..."

कुणालाच हसू आवरलं नाही. बाईंनासुद्धा नाही. मुलीनं डोळे उघडले आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं.

तिला बाहेर पाठवून आम्ही बोललो. कॉपी केलेली नाही यावर तिघांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. पण बाईंनी पुस्तक मिटून विचारलं, "उद्या ही वॉर्डात उभी राहील. पेशंटची लघवी बंद झाली तर ही पहिल्या परिच्छेदापासून सुरू करणार का?"

बाईंचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी तसं सांगितलं. पाठ करणं म्हणजे चोरी नव्हे, पण समजणंही नव्हे. शेवटी ठरलं ते असं: गैरप्रकाराचा शिक्का नाही. मात्र हेच उत्तर तिनं पुढच्या आठवड्यात बाईंसमोर बसून स्वतःच्या शब्दांत लिहायचं. त्यात पास झाली तर स्कॉलरशिप चालू, नाहीतर विषय राहिला आणि स्कॉलरशिपही गेली.

"खलास," अध्यक्ष म्हणाले आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

मी बाहेर आले तेव्हा निकाल कळल्यावरही बाप-लेक तिथे उभेच होते. "तुम्हीच होय ती मोठी माणसं!" गृहस्थ म्हणाले. "आणि मी तुमचं वय काढलं!" समितीचं काम आता संपलं होतं, त्यामुळे मी मोकळेपणी हसले. मुलीला मराठीतून सांगितलं, अभ्यासाला जागा हवी असेल तर आमच्या घरी ये.

शुक्रवारी दोघंही आली. वडिलांनी सोबत आंबोळ्या आणि नारळाच्या चटणीचा डबा आणला होता. माझ्या मुलीनं एका वेळी तीन खाल्ल्या आणि "ओ माय गॉड, काका" एवढंच म्हणाली. नर्सिंगवाली मुलगी जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसली. बराच वेळ बसली.

"काकू, माझे शब्द म्हणजे कुठले?"

"बाबांना सांग. त्यांना कळेल असं."

तिनं वडिलांकडे वळून सुरुवात केली, पण ती पुन्हा धड्याच्या नावापासूनच. मी थांबवलं. मराठीत सांग म्हटलं. ती अडखळत सांगायला लागली, रक्त येतं, गाळलं जातं.

"म्हणजे ऑइल फिल्टर," वडील म्हणाले.

"नाही हो बाबा!"

"नाही कसं? घाण अडकवतो आणि तेल सोडतो."

"तसं नाहीच ते!" ती चिडली, आणि चिडल्यावर तिचे हात सुटे झाले. "फिल्टर घाण अडकवतो. किडनी आधी जवळजवळ सगळंच बाहेर जाऊ देते. पाणी, साखर, मीठ, सगळं. आणि मग जाता जाता, जे लागणार असतं ते परत घेते. एकेक ओळखून. उरेल ते टाकते."

मी चहा गाळत होते. गाळणी हातात धरूनच मी तिच्याकडे वळले.

"मग आधी जाऊच कशाला द्यायचं?" वडिलांनी विचारलं.

"ते..." ती थांबली. "ते पुस्तकात नाहीये. पण मला वाटतं, काय ठेवायचं ते आधीच कसं कळणार?"

"हे लिही," मी म्हटलं. "हेच. आधी मराठीत लिही, इंग्रजी मग करू."

ती लिहायला लागली. खाडाखोड खूप केली, वाक्यं वाकडी आली, एका ठिकाणी माझ्या मुलीनं शब्द सुचवला तो तिनं घेतला नाही. गाळलेला चहा गार झाला, वडील सोफ्यावर बसल्या बसल्या डुलकी काढत होते, आणि घर फार दिवसांनी भरल्यासारखं वाटत होतं. नवरा असता तर ऑइल फिल्टरच्या बाजूनं भांडला असता.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. पास झाली होती, स्कॉलरशिप राहिली होती. बाईंनी उत्तराखाली 'छान विचार' असंही लिहिलं होतं. तरी आवाज जरा रुसलेला.

"काय झालं गं?"

"मार्क कमी पडले, काकू. भाषेचे कापले," ती म्हणाली. "पाठ केलेलं लिहू दिलं असतं तर पूर्ण मिळाले असते."