उजव्या पानावर, खाली

वडील गेले तेव्हा आईने त्यांच्या शवपेटीत स्वतःचं बायबल ठेवलं. लग्नात भेट मिळालेलं वडिलांचं बायबल कपाटात होतं, पण ते इतकं कोरं करकरीत की पानं एकमेकांना चिकटलेली. "मानसं बगायला येनार. काय म्हनतील?" असं कुजबुजत तिने आपलं कडा झिजलेलं पुस्तक त्यांच्या हाताखाली सरकवलं. मग आलेला जो तो म्हणत होता, किती वाचन होतं हो यांचं! रडता रडता मला हसू आलं. माझे वडील घरच्या प्रार्थनेत पहिल्या ओळीलाच डुलक्या काढायचे.

त्यांचाही नाइलाज होता. रेल्वेतली रात्रपाळी करून ते पहाटे घरी यायचे. अख्ख्या शास्त्रातला त्यांना एकच उतारा आवडायचा, तोही आईने वाचून दाखवला तर. रात्रभर जाळी टाकून थकलेले शिष्य पहाटे काठावर येतात, आणि प्रभूने त्यांच्यासाठी निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार ठेवलेली असते. "हे बरंय," म्हणत वडील ताटावर बसायचे.

पहिल्या वर्षाच्या स्मरणप्रार्थनेला तोच उतारा आईला स्वतः वाचायचा होता. सकाळपासून वडिलांचं बायबल मांडीवर घेऊन ती पानं सोडवत बसली होती. उतारा सापडेना. अध्याय, वचन तिने कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. सगळं शास्त्र तिला जागेवरून माहीत. अमकं डाव्या पानावर मधे, तमकं तेलाच्या डागाखाली. "उजव्या पानावर, खाली हुतं की," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते पान तर कबरीत गेलेलं. तिचा चेहरा बघवेना.

मी संडे स्कूलची बक्षीसवाली. आकडे मला तोंडपाठ. "लूक, पाचवा अध्याय," म्हणत मी ऐटीत पान उघडून दिलं.

आईने बोट ठेवून वाचलं. "जाळी हाय, मासं हायत. निखारं कुटं हायत ह्यात?"

माझी ऐट उतरली. मग माझ्या मुलीने मोबाइलवरच्या बायबलमध्ये 'मासळी' शोधलं आणि योहानाचा शेवटचा अध्याय काढला. तिला ना जागा माहीत, ना आकडा. ती पहिल्यांदाच वाचत होती. "आजी, हे येशू मरून पुन्हा उठल्यानंतरचं आहे? आणि तो स्वयंपाक करतोय?"

"मग! दमून आलेली मानसं उपाशी ठिवायची व्हय?"

इतकी बक्षिसं घेऊन हा प्रश्न मला कधी पडला नाही, याचा मला रागच आला. मुलगी मोबाइल पुढे करत होती, पण आई म्हणाली, "त्यांच्याच पुस्तकातनं वाचनार." मी ते पान काढून दिलं.

दफनभूमीत आईने सावकाश वाचलं. भाकरीची ओळ तिने दोनदा वाचली आणि मग पुढचं पुरं केलं. चर्चच्या पाळकांनी वडिलांच्या वाचनाचं पुन्हा कौतुक केलं. माणसं फाटकाकडे निघाल्यावर आई कबरीपाशी वाकली.

"अवो, माजं पुस्तक तुमच्यापाशी हाय. उजव्या पानावर, खाली. आता तुमचं तुमी वाचा. डुलकी लागली तर पान दुमडून ठिवा. मी आले की फुडचं वाचून दाखवीन."