रंगूबाईचं बोट

सातपूरच्या कामगार वस्तीत रंगूबाईच्या बोटाला मोठा मान. पोराचं तोंड आलं की आया त्याला उचलून तिच्या ओट्यावर आणत. बाई पेठ तालुक्याकडची, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. पण निदान असं पक्कं की पोराकडे बघायचीही गरज नाही. ताप आला, उष्णता. लाळ गळते, उष्णता. मग बोटाला फडकं गुंडाळायचं, मधात टाकणखाराची लाही कालवायची आणि तोंडातनं असं फिरवायचं, की पोराचा टाहो कारखान्याच्या भोंग्यावर जावा. पोर जितकं बोंबलेल तितका गुण मोठा, अशी आयांचीही समजूत.

त्या श्रावणात तिनं गल्लीतली चार तोंडं घासली आणि पाचवं घरचंच, दोन वर्षांच्या नातीचं. फोड पहिल्याच पोराला होते, बाकीच्यांची नुसती लाळ गळत होती. दोन दिवस घासल्यावर रोशनी पाण्याची वाटी बघूनच मान फिरवायला लागली. सून पल्लवी म्हणाली, सकाळपासून हिनं शू केलेली नाही. प्यालीच नाय तर करील कुठून, असं रंगूबाई बोलली खरी, पण सून दवाखान्यात निघाली तशी ही मागोमाग. म्हणे, डॉक्टरला काय कळतं ते बघते.

हर्षाली डॉक्टरनं बॅटरी मारून घसा बघितला, मग तळहात आणि तळपाय. तिथंही लाल पुरळ. तोंड आलेल्या पोराचे पाय रंगूबाईनं जन्मात बघितले नव्हते. डॉक्टरीण म्हणाली, विषाणूचा आजार आहे, आठवड्याभरात आपला आपण जाईल. दुखण्याचं औषध वजनाप्रमाणे, आणि गार दूध चमच्या-चमच्यानं. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर मात्र भरती करून सलाईन.

"गार द्यायचं, म्हंजे उष्णताच की," रंगूबाई सुनेच्या कानाशी लागली.

"आजी, तोंडात घासलंय कोणी? फोड सोलवटलेत."

पल्लवी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.

"मीच. गल्लीतल्या पोरांलाबी."

"दोन पोरांच्या मधे हात धुता?"

"फडकं बदलते ना." मग जरा हळू, "बोट पदराला पुसते."

डॉक्टरीण रागावली असती तर भांडता तरी आलं असतं. तिनं नुसतं सांगितलं, हा आजार लाळेतून पसरतो.

दुपारभर रंगूबाई नातीला मांडीवर घेऊन बसली. एक चमचा, मग थांबायचं. घासायला जोर लागतो, इथं धीर लागत होता, आणि तो बाईनं कधी बाळगला नव्हता. चार वाजता रोशनीनं आजीच्या कोऱ्या लुगड्यावर भरपूर शू केली. रंगूबाई हलली नाही. ओल पार पायापर्यंत जाऊ दिली.

मग हात साबणानं दोनदा धुऊन ती चार घरं फिरली. पोरं पितात का, शू करतात का, दारातूनच विचारलं. तीन घरी सांगितलं, नवीनच रोग आलाय बाई, घासू नका. चौथ्या घरी पूजाचं पोर खांद्यावर मलूल पडलं होतं, ओठ सुकलेले.

"मावशी, बरं झालं आलात. जरा बोट फिरवा."

रंगूबाईनं दोन्ही हात मागे घेतले. "त्या बोटानंच तुझ्या घरी आणलाय हा रोग. चल ऊठ, दवाखान्यात मी येते संगं."