पल्लवीच्या मुलाखतीची तालीम

ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. वहिनी, गुडघे कसे आहेत? सुधीर भिया, शुगर उतरली का? ताई, खोकला गेला ना?

आज आमच्याकडे भलतंच घडलं. पुतणी पल्लवी खानदानातली पहिली ग्रॅज्युएट. उद्या तिची एमबीएची मुलाखत, म्हणून तालमीसाठी मी मुलाखत घेणारा साहेब होऊन विचारलं, "घरच्यांबद्दल सांगा."

"सर, सगळे अनपढ. मी चिखलातून वर आले."

दारात तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, उभा. त्यानं तिच्या थोबाडीत ठेवून दिली, खुर्ची भिंतीवर आपटून फोडली. मी आडवा गेलो तर मलाही गुद्दा बसला.

"आम्ही चिखल काय?"

"पापा, कोचिंगमध्ये असंच बोलायला शिकवलंय!" तिच्या ओठातून रक्त येत होतं. "आता ही मारझोडही सांगू का?"

तो खुर्चीचे तुकडे गोळा करू लागला.

हात उचलला तो गुन्हाच. पण लेकरानं उद्या घरचं सांगावं तरी कसं? लवकर लिहा हो, सकाळीच तिचा नंबर आहे.