देगीचं भोक

सेनगावच्या बसस्टँडसमोर महेजबीन अर्ज टाइप करून छापून देते. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर चालतं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं. कुणीही फुकट न्यावं, उघडून बघावं, सुधारावं. पण फुकट ऐकलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि महेजबीनचं टाळकं सटकतं.

त्या दिवशी तांड्यावरचे प्रेमदास छापलेला अर्ज बघून म्हणाले, "पोरी, शेवटची ओळ कापली की. फुकटचं असंच असतं. सगळे वापरतात ते टाक, चोरीचं का असंना."

"काका, लग्नाच्या स्वैपाकाला आमच्या मोहल्ल्याची मोठी देग नेली, तवा तुम्ही न्हाई फुकटची म्हणाले? तिला भाडं न्हाई, मालक न्हाई. ज्याला भोक दिसंल त्यानं तेवढं सांगायचं, मंग कुणीतरी बुजवतं. हे बी तसंच हाय!"

"बराबर. ही ओळ कवापासून कापून राहिली?"

"सहा महिने झाले! रोज हातानं लिहावी लागते. बनवणाऱ्यांना रोज शिव्या घालून राहिले मी."

"अन् त्यांना सांगितलं कवा?"

महेजबीननं पेन उचललं आणि खाली मान घालून शेवटची ओळ लिहायला घेतली.