पूजेच्या टेबलावरचा बोर्ड

सरांनी माझ्या हातातून बोर्ड काढून घेतला. रुमालाने पुसला. पूजेच्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आज इसे हाथ मत लगाना. पूजा हो जाने दो."

दसरा होता. जबलपुरातलं आमचं छोटं ऑफिस. मोबाइलच्या प्रोसेसरला कोणता भाग कुठे जोडलाय, कशाला वीज कुठून मिळते, हे कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, आपोआप समजत नाही. एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. नवा प्रोसेसर आला की फाइल बदलायची. ते काम माझं. प्रोसेसर बसवलेला तो बोर्ड वर्षभर माझ्याच हातात. तेव्हाही बदललेली फाइल त्याच्यावर तपासून राहिले होते. कॅमेरा चालू होत नव्हता.

सर मराठी. मुलाखतीत खूश झाले होते, जबलपुरात मराठी पोरगी म्हणून. मग आडनाव विचारलं. वडील काय करतात विचारलं. मी सांगितलं, बाबा फॅक्टरीत सफाईला, राहतो कांचघरच्या वस्तीत. नोकरी दिली. काम येत होतं म्हणून. पण त्या दिवसापासून माझ्याशी फक्त हिंदी. मला वाटलं, ऑफिसची रीत असेल. नव्हती. बाकीच्या मराठी पोरांशी मराठीच बोलायचे. घरची भाषा माझ्यापुरती बंद.

पूजेला सरांच्या पत्नी आल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, ही मराठी का?

"मराठी आहे. पण आपल्यातली नाही."

सर हळूसुद्धा बोलले नाहीत.

मला बाबा आठवले. फॅक्टरीतल्या पूजेला फरशी तेच धुवायचे. आरती होईपर्यंत बाहेर थांबायचे. घरी येऊन हसत सांगायचे, प्रसाद मात्र भेटला. ते पेढे मी खाल्लेत. चवीनं.

पंडितजींनी बोर्डाला कुंकू लावलं. मी पुढे झाले. बोर्ड उचलला.

"काहून?" मी विचारलं. मराठीत. "काहून नाही लावायचा हात?"

मंत्र थांबले. रोज माझ्या डब्यातलं खाणारा, शेजारी बसणारा पोरगा मोबाइलमध्ये पाहून राहिला होता. मी कुंकू पुसलं, वायर लावली, कामाला बसले. कॅमेरा काही चालू झाला नाही.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पूजा बाटवलीस, उद्या सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर घरी बस. हेही हिंदीतच.

घरी बाबा घाबरले. "मागून घे न पोरी. एक शब्द तर आहे."

बाबांचा राग आला. मग कळलं, राग त्यांचा नाही. आयुष्यभर बाहेर उभं ठेवून ज्यांनी त्यांना हे शिकवलं, त्यांचा आहे.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. बसले नाही. मराठीतच बोलले.

"माफी मागणार नाही. नोकरी सोडणार नाही. काढायचं तर काढा, पण कारण लिहून द्या. काल तुम्ही जे बोलले तेच लिहा, पूजा बाटवली म्हणून. खाली सही करा."

सरांनी अजून लिहिलेलं नाही. माझ्याशी बोलणं बंद केलंय, हिंदीसुद्धा. मी रोज जाते. बोर्ड उचलते, फाइल उघडते, काम करते. ते लिहून देत नाहीत तोवर जाणार. आणि ज्या दिवशी देतील, त्या दिवशी तो कागद घेऊन सरळ कोर्टात जाणार.